ध्रुव एक, दावेदार दोन: केप कोलंबियापासून तारखेवार

उत्तर ध्रुवावर जमीन नाही. चार किलोमीटर खोल समुद्र, त्यावर दोन-तीन मीटर जाड बर्फ, आणि तो बर्फ सतत कुठेतरी सरकत असतो. आज रोवलेला झेंडा आठवड्याभराने दुसरीकडेच सापडेल. दगडांची रास रचून ठेवायची, तर दगडच नाही. म्हणून 'मी पोचलो' याचा पुरावा कागदावरच राहतो: अमुक वेळी सूर्य क्षितिजापासून किती वर होता, तो आकडा कुणी घेतला आणि शेजारी उभं राहून तो तपासू शकेल असं कोण होतं.

रॉबर्ट पिअरी आणि डॉ. फ्रेडरिक कुक या दोन अमेरिकनांच्या भांडणातली कळीची गोष्ट हीच. खाली पिअरीचा १९०९ चा प्रवास तारखेवार घेतला आहे. कुकचा १९०८ चा प्रवास जिथे आडवा येतो तिथे तोही येईल. अंतरं सागरी मैलांत आहेत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी, आणि अक्षांशाचं एक मिनिटही जवळपास तेवढंच. त्यामुळे सेक्स्टंटवर (सूर्याची उंची कोनात मोजायचं उपकरण) एका मिनिटाची चूक म्हणजे बर्फावर एका मैलाची चूक, असा सरळ हिशेब.

२८ फेब्रुवारी ते १ मार्च १९०९

निघायची जागा केप कोलंबिया, एल्समियर बेटाचा उत्तर किनारा, अक्षांश ८३° ७′. ध्रुव ४१३ मैल. 'रुझवेल्ट' जहाज मागे केप शेरिडनला बर्फात अडकवून ठेवलेलं. २८ तारखेला कॅप्टन बॉब बार्टलेट वाट फोडायला पुढे गेला, १ मार्चला पिअरी निघाला. एकूण २४ माणसं (७ पिअरीसकट जहाजावरची, १७ इनुइट, म्हणजे तिथले मूळ रहिवासी), १९ स्लेज म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्या, १३३ कुत्रे.

माणशी रोजचा शिधा ठरलेला: पेमिकन १ पौंड, जहाजी बिस्कीट १ पौंड, आटवलेलं दूध ४ औंस, दाबलेला चहा अर्धा औंस. चूल पेटवायला ६ औंस स्पिरिट किंवा रॉकेल. पेमिकन म्हणजे वाळवून कुटलेलं गोमांस, त्यात चरबी, थोडी साखर आणि मनुका. कुत्र्यालाही रोज पौंडभर पेमिकन. मेख इथेच आहे. शंभर कुत्रे महिनाभर चालवायचे तर तीन हजार पौंड वजन नुसतं कुत्र्यांच्या पोटासाठी ओढावं लागतं, तेही कुत्र्यांनीच.

यावर पिअरीची तोड अशी: सगळ्यांनी शेवटपर्यंत जायचंच नाही. एक तुकडी पुढे जाऊन वाट फोडते आणि इग्लू बांधते, मागची माल ओढते. दर काही दिवसांनी सगळ्यात दमलेली माणसं आणि सगळ्यात रोडावलेले कुत्रे रिकाम्या गाड्यांसह परत पाठवायचे आणि उरलेला शिधा पुढे जाणाऱ्यांना द्यायचा. परतणारी तुकडी वाट आणि इग्लू शाबूत ठेवत किनारा गाठते. पद्धत नामी होती. तिच्यात एक जास्तीचा गुणही होता, ज्याची तेव्हा फारशी चर्चा झाली नाही: अक्षांश घेता येणारा माणूस परत फिरताना आपण कुठवर गेलो ते लिहून सही करून जाई. कागदांची ही साखळी लक्षात ठेवा.

पहिल्याच दिवसापासून गाड्या मोडायला लागल्या. लाकूड चामड्याच्या वाद्यांनी बांधलेलं असतं, खिळे नसतात, म्हणून गाडी वाकते पण तुटत नाही. पण किनाऱ्याजवळ बर्फ एकमेकांवर चढून माणसापेक्षा उंच बांध तयार होतात. भरलेली गाडी त्यावरून खाली आपटली की पुढचा वाकडा भाग फुटतो. मग हातमोजे काढून भोकं पाडायची, वादी ओवायची, हात बगलेत घालायचे, पुन्हा काढायचे. तापमान उणे ४५ सेल्सिअसच्या आसपास.

४ ते ११ मार्च: मोठी भेग

८४ अंशांच्या जवळ घोडं अडलं. बर्फ फाटून पाण्याचा पट्टा उघडला होता. खलाशी अशा भेगेला 'लीड' म्हणतात. रुंदी सुमारे पाव मैल, लांबी दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर. शिशाचं वजन सोडून खोली मोजली तर ११० फॅदम, म्हणजे २०० मीटर. पुढे काही मैलांवर ती एकदम ८२५ फॅदम निघाली. भेग तिथेच का पडते याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. खंडाचा उथळ कठडा इथे संपतो. किनाऱ्याला चिकटलेला बर्फ जागेवर राहतो आणि खोल समुद्रावरचा बर्फ वारा-प्रवाहाबरोबर सरकतो. शिवण नेमकी सांध्यावर उसवते. १९०६ मध्येही पिअरीला याच भागात अशाच भेगेने अडवलं होतं.

आठवडाभर हातावर हात. उशीर झाला की शिधा खर्च होतो, अंतर मात्र तसूभरही कमी होत नाही. त्यात गाड्यांच्या आदळआपटीने रॉकेल-स्पिरिटचे डबे गळू लागले. इंधन नाही म्हणजे बर्फ वितळवून पाणी नाही, आणि कोरडं पेमिकन घशाखाली उतरत नाही. मोहिमेतले रॉस मार्विन आणि जॉर्ज बोरप इंधन आणायला किनाऱ्याकडे गेले होते. इनुइटांपैकी दोघांचा धीर सुटला, त्यांना परत धाडलं. मोहिमेतल्याच मॅकमिलनने बाकीच्यांना शर्यती आणि कुस्त्यांत गुंतवून ठेवलं. ११ तारखेला पट्टा गोठला आणि सगळे पार झाले.

१४ ते २६ मार्च: एकेक जण मागे

१४-१५ ला डॉ. गुडसेल आणि मॅकमिलन ८४° २९′ च्या आसपासून परतले. मॅकमिलनची टाच हिमदंशाने गेली होती आणि त्याने ती लपवली होती. २० ला बोरप, ८५° २३′. मार्विनने २२ ला सूर्य घेतला, म्हणजे सूर्याची उंची मोजून अक्षांश काढला: ८५° ४८′. २५ ला पुन्हा: ८६° ३८′. दुसऱ्या दिवशी तोही परतला, सही केलेला कागद पिअरीकडे देऊन. तो किनाऱ्याला पोचलाच नाही. सोबतच्यांनी बुडाला म्हणून सांगितलं. त्यातल्या एकाने त्याला गोळी घातल्याचं १९२६ मध्ये बाहेर आलं.

या सगळ्या वाटेवर एक गोष्ट कुणीच केली नाही: रेखांश मोजला नाही. चुंबकीय ध्रुव दक्षिणेला मागे राहिलेला, तेव्हा होकायंत्राची सुई उत्तर दाखवत नाही. ती नेमकी किती चुकते हेही वाटेत मोजलं नाही. दुपारी सूर्य पाठीशी घ्यायचा आणि आपल्या सावलीच्या दिशेने चालायचं, ही रीत. दिशा १० अंशांनी ढळली तर ४१३ मैलांत माणूस ७० मैलांहून जास्त बाजूला जातो. वारा बर्फच सरकवत असेल तर तेही त्यात मिळवा.

२८ मार्च

रात्री बार्टलेटच्या आणि पिअरीच्या इग्लूंमध्ये बर्फ दुभंगला. आवाजाने पिअरी बाहेर आला तर बार्टलेटचा इग्लू वेगळ्या तुकड्यावर तरंगत निघालेला. एक कुत्र्यांची रांग भेगेच्या काठावरून थोडक्यात वाचली. तो तुकडा पुन्हा भिडला तसे कुत्रे आणि गाड्या घाईने अलीकडे ओढून घेतल्या.

१ एप्रिल: बार्टलेट परत

सगळ्या वादाचा बिजागर म्हणजे हा दिवस. बार्टलेटला ८८ अंश तरी गाठायचा होता, म्हणून सकाळी तो एकटाच पाच-सहा मैल उत्तरेकडे चालून आला. दुपारी सूर्य घेतला: ८७° ४६′ ४९″. दोन दिवस वारा उत्तरेचा होता, बर्फ त्यांना मागे ढकलत होता. ध्रुव १३३ मैलांवर. त्याने आकडेमोड लिहून सही केली आणि दोन इनुइटांसह परत फिरला.

पुढे गेलेले सहा जण: पिअरी, मॅथ्यू हेन्सन, आणि ऊटा, एगिंग्वा, सीग्लू, ऊकेआ. ५ गाड्या, निवडलेले ४० कुत्रे. हेन्सन कृष्णवर्णीय, पिअरीबरोबर वीसेक वर्षं हिंडलेला. इनुइटांची भाषा त्याला येई आणि गाडी हाकण्यात गोऱ्यांपैकी कुणी त्याचा हात धरू शकत नसे. बार्टलेटऐवजी त्याला नेणं प्रवासाच्या दृष्टीने बरोबरच होतं. पण सूर्यावरून स्थान काढणारा दुसरा माणूस आता उरला नाही. कागदांची साखळी इथे तुटते.

हेच वर्षभर आधी, १८ मार्च १९०८

कुक मुळात पिअरीचाच माणूस. १८९१ च्या मोहिमेत तो डॉक्टर होता आणि पिअरीचा मोडलेला पाय त्यानेच बसवला होता. १९ फेब्रुवारी १९०८ ला ग्रीनलंडच्या अनोआटोकहून निघून तो एल्समियर ओलांडून अॅक्सेल हायबर्ग बेटाच्या उत्तर टोकाशी आला, आणि १८ मार्चला समुद्राच्या बर्फावर उतरला. काही दिवसांत मदतनीस परतले. उरले तिघे: कुक, एतुकिशूक, अवेला. २ गाड्या, २६ कुत्रे, एक घडीची कापडी होडी. ध्रुव ५२० मैल. २१ एप्रिलला पोचलो, असं तो म्हणतो. रोज सरासरी १५ मैल. हा वेग अशक्य मुळीच नाही.

अडचण पोटाची. त्याच्याच यादीत पेमिकन आणि मांस मिळून हजार पौंडांच्या आसपास. २६ कुत्रे आणि ३ माणसं रोज पौंडभर खात असतील तर ३४-३५ दिवसांत खलास, म्हणजे ध्रुवावर पोचायच्याच सुमारास. परतीला कुत्रे मारून कुत्र्यांना घालायचे असा बेत होता, तोही ध्रुवप्रवासात नवा नाही. पण चूक व्हायला जागाच राहत नाही. आणि कुकच्या साखळीत अक्षांश घेणारा दुसरा माणूस पहिल्यापासूनच नव्हता.

२ ते ५ एप्रिल १९०९

बार्टलेट गेला आणि वेग वाढला. आधीच्या २८० मैलांना ३१ दिवस लागले होते. त्यातला मोठ्या भेगेचा आठवडा वगळला तरी दिवसाला अकरा-बारा मैल. आता १३३ मैल पाच टप्प्यांत, म्हणजे टप्प्याला २६ मैलांहून जास्त, सुमारे ४९ किमी. पिअरीची कारणं: गाड्या हलक्या, कुत्रे निवडक, बर्फ सपाट. तिन्ही खरी असू शकतात. पण हे अंतर सरळ रेषेतलं आहे, बांधांना घातलेले वळसे त्यात धरलेले नाहीत. ५ एप्रिलला त्याने सूर्य घेतला: ८९° २५′.

६ एप्रिल

सकाळी दहाला मुक्काम. पिअरीने त्याला आपल्या पाठीराख्याच्या नावावरून 'कॅम्प जेसप' म्हटलं. दुपारचा सूर्य: ८९° ५७′.

हे कसं मोजतात ते सावकाश पाहू, कारण भांडण त्यावरच आहे. बर्फाचं क्षितिज ओबडधोबड, ते चालत नाही. म्हणून पाऱ्याचं क्षितिज वापरतात. वाऱ्याला आडोसा म्हणून बर्फाची अर्धगोल भिंत, तिच्यात समतल केलेली पेटी, पेटीवर लाकडी पन्हाळ, वर काचेचं छप्पर. पारा इग्लूत गरम करून आणायचा, कारण उणे ३९ सेल्सिअसला तो गोठतो. मग कातडं अंथरून पोटावर पालथं पडायचं आणि आकाशातला सूर्य आणि पाऱ्यातला सूर्य सेक्स्टंटमध्ये एकावर एक आणायचे. मिळतो तो दुप्पट कोन. त्या दिवशी सूर्य साडेसहा अंशांच्या आत-बाहेर, म्हणजे पाऱ्यातलं प्रतिबिंब अगदी तिरपं, ताणलेलं. इतक्या खाली हवा प्रकाशाला वाकवते, ती दुरुस्तीच आठ-दहा मिनिटांची. थंडीमुळे ती आणखी वाढते. तिचा अंदाज चुकला तर एक-दोन मैल गेले. एवढी चूक कुणीही माफ करील.

खरा घोळ पुढे आहे. समजा तुम्ही ध्रुवाच्या उजवीकडे किंवा डावीकडे ३० मैल आहात. दुपारी सूर्य पाठीमागे, ज्या रेषेवरून आलात तिच्या दिशेला. त्या वेळी मोजलेली उंची तुम्ही पुढे-मागे किती आहात तेवढंच सांगते. बाजूला किती आहात ते सांगतच नाही. ३० मैल बाजूला उभा असलेला माणूसही दुपारच्या सूर्यावरून 'ध्रुवावर आहे' असाच आकडा काढील. बाजूची चूक पकडायची तर सहा तास थांबावं लागतं, सूर्य काटकोनात यावा लागतो.

पिअरीला हे पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी सहाला ढग आले. मग तो हलकी गाडी घेऊन एगिंग्वा आणि सीग्लूबरोबर दहा मैल पुढे गेला आणि मध्यरात्री सूर्य घेतला.

७ एप्रिल

परत येऊन सकाळी सहाला मुक्कामावर मोजणी: ध्रुवापासून चार-पाच मैल, बेरिंग सामुद्रधुनीच्या बाजूला. त्यावर सूर्याच्या दिशेने आठ मैल जाऊन परत, आणि दुपारी शेवटची मोजणी. एकूण १३ वेध. हे सगळं लिहिल्याप्रमाणे घडलं असेल तर बाजूची चूक सापडायलाच हवी होती आणि सापडलीही. पद्धतीत खोट काढता येत नाही. प्रश्न एवढाच की ते आकडे खरोखर सूर्याचे होते का. हेन्सन आणि चौघे इनुइट याला साक्ष देऊ शकत नव्हते. तो पन्हाळीवर पालथा पडलेला त्यांनी पाहिला, आकडा पाहिला नाही.

पाच झेंडे लावून फोटो झाले. झेंड्याची पट्टी बाटलीत घालून बर्फात ठेवली. दुपारी चारला परतीची वाट. पाच मैलांवर भेगेत खोली मोजली. १५०० फॅदम (सुमारे २७४० मीटर) तार सोडूनही तळ लागला नाही, आणि ओढताना तार तुटली. हा आकडा खोट्या दाव्यालाही चालला असता. आजूबाजूचा बराचसा समुद्र त्याहून खोल आहे.

८ ते २३ एप्रिल

बार्टलेटचा मुक्काम तीन टप्प्यांत. १३३ मैलांना तीन टप्पे म्हणजे टप्प्याला ८२ किमी, आणि या माणसाच्या पायाची बहुतेक बोटं १८९९ मध्येच हिमदंशाने गेलेली, तेव्हा तो बराचसा गाडीत बसून. संशय घेणारे इथे थांबतात, आणि बरोबर थांबतात. समर्थक म्हणतात, वाट फोडलेली होती, इग्लू तयार होते, कुत्र्यांना घराचा वास लागला होता. २००५ मध्ये टॉम अॅव्हरीच्या चमूने तसल्याच लाकडी गाड्या आणि कुत्रे घेऊन केप कोलंबियाहून ३६ दिवस २२ तासांत ध्रुव गाठला. त्यामुळे जाण्याचे ३७ दिवस शक्य ठरतात. शेवटच्या आठवड्याचा वेग त्यातून सिद्ध होत नाही.

२३ एप्रिलला किनारा. इतकं सुखरूप आलो म्हणजे सैतान झोपला असावा, नाहीतर बायकोशी भांडत असावा, असं ऊटा म्हणाल्याचं पिअरीने नोंदवलं आहे.

पिअरीच्या वहीचं पुढे बरंच झालं. ध्रुवाच्या दिवसांची पानं कोरी, आणि 'अखेर ध्रुव' हा मजकूर सुट्या कागदावर. १९८० च्या दशकात ती वही वॉली हर्बर्टने पाहिली. तो स्वतः ६ एप्रिल १९६९ ला बर्फावरून ध्रुवावर पोचलेला, म्हणजे माहीतगार. त्याचा निष्कर्ष: पिअरी बाजूला सरकला आणि थोडक्यात हुकला. १९८९ मध्ये दुसऱ्या एका गटाने फोटोंतल्या सावल्या मोजून 'पोचला' म्हटलं. आमच्या मते हर्बर्टचं पारडं जड आहे.

१ सप्टेंबर ते २१ डिसेंबर १९०९: कागदांचे दिवस

१ सप्टेंबरला शेटलंड बेटांवरच्या लर्विकहून कुकची तार गेली. ६ सप्टेंबरला लॅब्राडोरच्या इंडियन हार्बरहून पिअरीची. कुक तेव्हा कोपनहेगनमध्ये सत्कार घेत होता. पाच दिवसांत दोन ध्रुवविजेते. पिअरी उघड तुटून पडला, कुक गोड बोलत राहिला, आणि लोकांची सहानुभूती काही आठवडे गोड बोलणाऱ्याकडे होती.

कुक म्हणाला, माझी उपकरणं आणि मूळ नोंदी मी अनोआटोकला हॅरी व्हिटनी नावाच्या शिकाऱ्याजवळ ठेवल्या. व्हिटनी तिथून निघाला तो पिअरीच्याच जहाजाने. पिअरीने कुकची एकही वस्तू जहाजावर घेऊ दिली नाही, म्हणून पेटी दगडांत पुरून ठेवावी लागली. ती कधी मिळाली नाही. पिअरीने तिथे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. पेटी आणली असती आणि ती रिकामी निघाली असती, तर वाद तिथेच मिटला असता.

कुकच्या दोघा सोबत्यांना पिअरीच्या माणसांनी विचारलं. त्यांची जबानी ऑक्टोबरात छापून आली: जमीन फार काळ नजरेआड झालीच नाही. विचारणारे प्रतिस्पर्ध्याचे, तेव्हा ती थोडी सावधपणे घ्यावी. पण त्याच महिन्यात, अलास्कातलं मॅकिन्ले शिखर १९०६ मध्ये सर केल्याचा कुकचा दावा त्याच्याच सोबत्याने प्रतिज्ञापत्रावर खोटा ठरवला. २१ डिसेंबरला कोपनहेगन विद्यापीठाने निकाल दिला: कुककडून आलेल्या कागदांत मूळ वेध नाहीत, पुरावा नाही.

पिअरीचे कागद ४ नोव्हेंबरला नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या तिघांनी मान्य केले. सोसायटीने मोहिमेला पैसे दिलेले, आणि उपकरणांची पेटी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवरच उघडून पाहिलेली. अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीत मत पडलं ४ विरुद्ध ३. १९११ च्या कायद्याने पिअरीला रिअर अॅडमिरलचा हुद्दा दिला. त्यात ध्रुव 'शोधला' हा शब्द नाही, 'पोचला' एवढाच आहे.

एप्रिल १९१४

दोघांनी वाटेत जमिनीही पाहिल्याचं सांगितलं होतं. पिअरीने १९०६ मध्ये 'क्रॉकर लँड', कुकने १९०८ मध्ये 'ब्रॅडली लँड'. ध्रुवावर पुन्हा जाऊन काही तपासता येत नाही, जमीन मात्र तपासता येते. क्रॉकर लँड शोधायला निघाला तो टाच गमावलेला मॅकमिलन. सोबत नौदलाचा फिट्झह्यू ग्रीन, पिउगाट्टोक, आणि कुकचा जुना सोबती एतुकिशूक. वायव्येला टेकड्या, दऱ्या, बर्फाची शिखरं स्पष्ट दिसली, क्षितिजाच्या १२० अंशांत पसरलेली. पिउगाट्टोक म्हणाला, हे धुकं आहे. मॅकमिलनने ऐकलं नाही. समुद्राच्या बर्फावरून आणखी पाच दिवस चालले. सूर्य सरकला तशी ती जमीन जागा बदलत गेली, रूप बदलत गेली, आणि संध्याकाळी खाली नुसता बर्फ उरला.